आज वाईट काय?

"बोला गा, आज वाईट काय काय होऊ शकते?"

सकाळी कचेरीत कोट खुंटीला लागला, की आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, टेबलावर थाप मारून हेच विचारायचे. तुम्ही म्हणाल, काय हा अशुभ माणूस. अहो, त्या एका प्रश्नासाठी आम्ही कारकून मंडळी वेळेआधी यायचो.

सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना स्टोइक तत्त्वज्ञांचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यात रोमचा कोणी बादशहा, कोणी गुलाम, असल्या लोकांचे विचार. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते ओळखावं, संकट मनात आधीच येऊन गेलेलं असावं. झालं, बडेबाबूंनी ते कचेरीला लागू केलं. "साहेब खेकसतील," एकजण म्हणे. "पंखा बंद पडेल," दुसरा. भर मे महिन्यात पंखा खरंच बंद पडला, तेव्हा आम्ही घामाघूम होऊन टाळ्या पिटल्या.

गंमत म्हणजे हा माणूस मुलखाचा तापट. इतवारीत एका हातगाडीवाल्याने त्यांच्या नव्या सायकलला धक्का दिला, तर भर बाजारात गरजले, "मी शांत आहो, समजलं का तुले? एकदम शांत." तो बिचारा गाडी तिथेच टाकून पळाला.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मला पुढे कळलं. त्यांची दोन मुलं जन्मताच गेली होती, आणि बऱ्याच वर्षांनी वहिनींना पुन्हा दिवस राहिले होते. "या वेळेस तयारी करून राहिलो गा," डबा खाताना ते हळूच म्हणाले. "काही झालं तरी मी उभा राहीन. तिले सांभाळाले कोणीतरी उभं पाहिजे ना."

तो दिवस आला तेव्हा रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी त्यांच्याशेजारी बाकावर होतो. मांडीवर पुस्तक, पाठ ताठ. चहा आणून दिला, तो हातातच गार झाला. इतकं शांत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

दार उघडून नर्सबाई आल्या. "मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत."

बडेबाबू उठले. "बरं," म्हणाले, आणि दोन पावलं जाऊन मटकन फरशीवर बसले. हसत होते, रडत होते, येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते. मी उठवायला गेलो तर माझंच मनगट घट्ट धरलं. "हे कसं ध्यानात नाही आलं गा? चांगलंही होऊ शकते. त्याची तयारीच नव्हती केली." मग मीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो. त्या गडबडीत पुस्तक बाकावरच राहिलं, ते मी घरी नेलं; त्यांनी ते पुन्हा कधी मागितलं नाही.

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, तशी त्यांची मुंबईला बदली झाली. आम्ही सगळे स्टेशनवर पोचवायला गेलो. पुस्तक द्यायचं म्हणून मी काखेत मारून नेलं होतं. गाडी हलली तसा मी खिडकीबरोबर चालत, मुद्दामच, विचारलं, "बडेबाबू, आज वाईट काय काय होऊ शकते?"

"थांब गा," ते म्हणाले. लेक त्यांच्या मांडीवर उभी होती. "हे पाह्य, टाटा करून राहिली."

मीही दोन्ही हात वर करून टाटा केला. पुस्तक काखेतून खाली पडलं, आणि गाडी गेल्यावर मी ते उचललं.