थेसिसमधला लुंगीवाला

प्लास्टर रूममध्ये दोनेक वर्षं काढली की पांढरी भुकटी कुठे कुठे साचते, ते बाहेर पडल्यावर कळतं. बुटाच्या शिवणीत, बॅगेच्या कप्प्यात, कानामागे. किस्स्यांचंही तसंच! मी एम.एस. ऑर्थो अर्धवट सोडून घरी आलो, तेव्हापासून गोंदियात जो भेटतो तो विचारतो, "काऊन सोडला बे?" मी नुसती कॉलर झटकतो. एक किस्सा पडतोच.

* * *

पहिल्याच वर्षी थेसिसचा विषय ठरवावा लागतो. मी आपला उत्साहात गेलो. मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात जंगलपट्ट्यातली माणसं पडतात, हाडं मोडून घेतात आणि दवाखान्यात फार उशिरा पोचतात. हा उशीर नेमका कुठे होतो ते मला शोधायचं होतं.

आमचे विभागप्रमुख, म्हणजे सगळ्यांचे 'मोठे सर', चष्म्यावरून बघत म्हणाले, "डॉक्टर, तू हड्डी जोडने आया है या सर्व्हे करने?"

मग विषय त्यांनीच दिला. गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडलं की प्लेट बसवतात. तर त्या ऑपरेशननंतर पेशंटचा गुडघा कितपत चालतो ते बघायचं. आणि ऑपरेशन केलेलं कोणी? मोठ्या सरांनी!

मी विचारलं, "सर, यात आपल्याला शोधायचं काय आहे?"

"ऑपरेशन उत्तम झालं, हे."

"आणि झालं नसेल तर?"

"तर तू नीट शोधलं नाहीस!"

* * *

गुडघा किती वाकतो ते मोजायला गोनिओमीटर नावाची प्लास्टिकची पट्टी असते. कंपासपेटीतल्या कोनमापकाची थोरली बहीण म्हणा. मी ती पदरमोड करून आणली. सरांनी राउंडला ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्या खिशात परत खोचली.

"ये खिलौना कशाला? माझा डोळा आहे ना!"

सरांच्या डोळ्याला नव्वद सोडून दुसरा आकडा दिसत नसे. पेशंट कण्हत असो, ओरडत असो, सर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणत, "नव्वद. लिही." आम्ही लिहायचो.

एकदा एका पलंगाशी आले. पेशंटच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत कडक प्लास्टर. सर फोनवर बोलत होते. बोलता बोलताच पायाकडे बघून म्हणाले, "नव्वद. लिही."

सिस्टरने अगदी आदराने विचारलं, "सर, प्लास्टर तोडून लिहायचे का न तोडता?"

* * *

आता थोडं घरच्या मंडळींबद्दल. मोठ्या माणसांचा मान ठेवावा म्हणतात. ज्यांनी ठेवण्यासारखा मान शिल्लक ठेवलाय त्यांचा मी ठेवतो.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मुर्रीला राहतात. मला ॲडमिशन मिळाल्याचे पेढे त्यांनीच वाटले आणि पेढ्याबरोबर माझा नंबरही वाटला. तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांचे एक्सरे माझ्या व्हॉट्सॲपवर. कोणाचा मणका, कोणाची टाच. एकाने तर म्हशीच्या पायाचाही फोटो पाठवला. वर मेसेज, "तू तं हड्डीचाच हायेस ना!"

एकदा मोठे बाबा स्वतःच मोटरसायकलवरून घसरले. मनगट मोडलं. मी एक्सरे बघून सांगितलं, प्लास्टर घाला. ते बाजारातल्या एका दवाखान्यात गेले, तिथेही प्लास्टरच सांगितलं. तेव्हा घातलं.

मी चिडून म्हणालो, "मी तेच सांगितलं होतं ना?"

"तू घरचा पोट्टा. तुले फी देल्ली नाही, तं तुह्यावर इस्वास कसा ठेवू?"

मी कॉलेज सोडलं त्या दिवशी आई रडली, बाबा बोलेनासे झाले. मोठे बाबा मात्र धावत मुर्रीहून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "आता एक्सरे कोनाले पाठवू बे?"

* * *

संशोधनातला प्रामाणिकपणा या विषयावर कॉलेजात कार्यशाळा झाली. प्रमुख वक्ते कोण असणार? मोठे सर!

सर दीड तास बोलले. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणं हे पाप आहे, महापाप आहे, म्हणाले. स्लाईड्स फार देखण्या होत्या. इतक्या देखण्या की आम्हाला तेव्हाच शंका आली. सरांना साधा ईमेल उघडायलाही एक ज्युनिअर लागतो.

सरांची सवय, स्क्रीनकडे पाठ करून बोलायचं. शेवटी त्यांनी हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, "ज्यांच्याशिवाय हे शक्य नव्हतं, त्यांचे आभार."

मागे स्क्रीनवर शेवटची स्लाईड आली. समुद्रकिनारा, एक अनोळखी बाई, तिच्या कडेवर एक अनोळखी बाळ, आणि खाली लिहिलेलं, 'माझ्या प्रिय पत्नीस'.

टाळ्यांचा कडकडाट! सरांच्या मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या तेवढ्या वाजवत नव्हत्या.

* * *

ऑर्थोच्या थेसिसमध्ये फोटो लागतात. पेशंट उभा, पेशंट मांडी घालून, आणि सगळ्यात महत्त्वाचा, पेशंट उकिडवा बसलेला. आपल्याकडे उकिडवं बसता आलं म्हणजे माणूस बरा झाला. चेहरा कापायचा, पाय दाखवायचे, खाली लिहायचं 'उत्तम'.

माझे पेशंट काही केल्या बसत नव्हते. म्हटलं, सिनिअर लोकांनी कसं जमवलं ते बघू. लायब्ररीत जुने थेसिस काढले. एकात निळ्या चौकड्यांची लुंगी गुडघ्यावर खोचून एक माणूस मस्त उकिडवा बसलेला. मांडीचं हाड, रिझल्ट उत्तम. दुसरा थेसिस उघडला. घोट्याचं हाड, तीच लुंगी. तिसरा उघडला. खुबा. तीच लुंगी, तीच भिंत, डाव्या अंगठ्याचं तेच काळं नख!

ते नख मी ओळखत होतो. आमच्या डिपार्टमेंटच्या गाडीचे ड्रायव्हर, टेकचंदभाऊ.

मी विचारलं, "भाऊ, हे तुम्ही?"

भाऊ लाजले. "होय ना जी. सगळ्यायच्या थेसिसमधी मीच हावो. पन एक वाईट वाटते."

मला वाटलं, चला, निदान याला तरी लाज आहे.

"नुसते पायच घेतेत. थोबाड कोनीच नाही घेत!"

* * *

आता सेवंताबाई. बोदलकशाच्या तलावापलीकडे जंगलाला लागून तिचं गाव. मांडीचं हाड मोडलं, सरांनी प्लेट बसवली. हाड जुळलं, पण गुडघा आखडला. थोडासा वाकायचा आणि लाकडासारखा अडायचा. दुसरं ऑपरेशन करून तो मोकळा करता येत होता, आणि जितका उशीर तितकं ते अवघड. पण दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं बिघडल्याची कबुली! सर दरवेळी म्हणायचे, "आळशी आहे. व्यायाम करत नाही."

"पानी आनतो, काड्या आनतो," ती म्हणायची. "अजून कोनता व्यायाम रायते जी?" आणि मग माझ्याकडे वळून, "मोहफूल बसून येचा लागते, डॉक्टर. उभ्यानं नाही येचता येत. मोहफूल पडाच्या आंधी मोकळा करून द्या ना."

मी माझ्या थेसिसमध्ये तिच्या नावापुढे 'वाईट' लिहिलं. सरांनी ते खोडून 'उत्तम' केलं आणि म्हणाले, "फोटो टेकचंदकडून घे. नाहीतर सही विसर."

सही नाही म्हणजे थेसिस नाही, थेसिस नाही म्हणजे परीक्षा नाही. मी सहीवर पाणी सोडलं आणि सेवंताबाईला सांगितलं, "सिनिअर लोकांच्या परीक्षेला नागपूरहून बाहेरचे सर येणार आहेत. त्या दिवशी ये. परीक्षेत तपासायच्या पेशंटांच्या रांगेत सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बस."

ती आली. बसली, म्हणजे पाय समोर काठीसारखा ताठ ठेवून बसली. नागपूरचे सर आत येतानाच त्या पायाला अडखळले. तिथेच वाकून त्यांनी गुडघा तपासला आणि विचारलं, "हा मोकळा का नाही केला?"

मोठे सर हसले. "पेशंट लेझी आहे, सर. आमचे बाकीचे रिझल्ट बघा ना!" आणि टेबलावरचा एका सिनिअरचा थेसिस उघडून त्यांनी लुंगीवाला दाखवला. मग तोच फोटो सेवंताबाईच्या नाकासमोर धरला. "देख! सेम फ्रॅक्चर, सेम प्लेट. हा कसा बसला? तुला का जमत नाही?"

सेवंताबाईने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग नागपूरच्या सरांना म्हणाली, "याचं आपरेशन कोन केलं जी? मले त्याच्याचकडे पाठवा."

त्याच वेळी टेकचंदभाऊ परीक्षकांसाठी समोसे घेऊन आत आले. बाईच्या हातातला फोटो बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हा तं मी होय!"

"तुमचं आपरेशन कोन केलं भाऊ?"

"माह्यं कायचं आपरेशन, बाई! माह्या पायाले सरनं हातच नाही लावला. म्हनून तं बसून राह्यलो!"

नागपूरच्या सरांनी उचललेला समोसा परत बशीत ठेवला. खुर्ची ओढून सेवंताबाईसमोर बसले आणि म्हणाले, "बाई, नागपूरला येता का? मी करतो."

सेवंताबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मोठ्या सरांकडे.

"मोहाच्या आंधी सोडसाल तं येतो जी. पन फोटो नाही काढू देत."