सगळ्यांत मागचं पिवळं जाकीट

गावातल्या सायकलवाल्यांच्या टोळीत प्रत्येकाला पुढे जायची घाई. कुणाला नवी गिअरची सायकल मिरवायची असते, तर कुणाला जावयाला दाखवायचं असतं की सासरा अजून कामातून गेलेला नाही. मागे राहायची हौस असलेला माणूस टोळीत एकच होता, तो म्हणजे चष्मेवाले. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवरची अक्षरं इतकी बारीक की ती वाचायला आधी त्यांच्याकडूनच चष्मा करून घ्यावा लागे.

टोळीत त्यांना ‘शेपूट’ म्हणत, आणि ते या नावाला हौसेनं ओ देत. शेपटाचं काम सोपं दिसायचं. अंगात पिवळंधमक जाकीट घालायचं, पिशवीत पंक्चरचं सामान ठेवायचं आणि सगळ्यांच्या मागून जायचं. कुणाची चेन पडली, कुणाला धाप लागली, कुणी फुलांचे फोटो काढत रेंगाळलं, तर शेपटानं त्याच्यापाशी थांबायचं. टोळीचा नियमच होता: फाटा आला की पुढच्यांनी थांबायचं, पिवळं जाकीट दिसलं की निघायचं. माणसं मोजायची भानगड नाही. शेपूट आलं म्हणजे सगळे आले. आणि मागे राहिलेल्यानं एकच करायचं: आहे तिथे बसून राहायचं, शेपूट येतंच.

वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांच्या पायात टोळीतल्या कुणाहीपेक्षा जास्त जोर होता. ते मागे राहत ते मुद्दाम, तोंडाने शीळ घालत. त्यामुळेच त्या जाकिटाचा थाट होता.

या वर्षी मात्र उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आधी जिन्यावर, मग दुकानातल्या स्टुलावरून उठताना. बायको म्हणाली, “दाखवून या एकदा.” हे म्हणाले, “काय दाखवायचं? गुडघा आहे, दिसतोय की.” चढावर पायडल दाबताना डोळ्यांपुढे काजवे चमकत, पण त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. टोळीला कळलं तर काय होईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळे अतिशय प्रेमाने वागतील. जाकीट दुसऱ्याला देतील आणि फाट्यावर यांच्यासाठी थांबतील. मागे राहणं वेगळं आणि मागे पडणं वेगळं. ज्याने जन्मभर पहिलं केलं, त्याला दुसऱ्याची भारी लाज वाटते.

गंमत अशी, की दुकानात त्यांचा सगळा दिवस असल्याच लबाड्या पकडण्यात जाई. नजर अधू झालेली माणसं बाकावर बसल्या बसल्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करत आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणून दाखवत. चष्मेवाले शांतपणे भिंगं पुसत म्हणत, “वा, छान. आता हीच ओळ उजवीकडून डावीकडे वाचा.” की झालं! समोरचा लगेच जमिनीवर आलाच. त्यांच्या विहीणबाईंचीही पहिल्या भेटीत त्यांनी अशीच फजिती केली होती, आणि पुढे मुलांच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हाही त्या हे विसरल्या नव्हत्या.

या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, शिवणकाम करत. दिवसभर मशीनवर वाकून पाठ धरली, म्हणून लेकीने आईला सायकल घेऊन दिली आणि आईला सासऱ्यांच्या हवाली केलं. “बाबा, तुम्ही मागे असताना मला काळजी नाही,” असं सून म्हणाली तेव्हा चष्मेवाल्यांची छाती फुगली होती.

विहीणबाई सायकल चालवत ती टीप घातल्यासारखी: सरळ, एका लयीत आणि अतिशय हळू. घाई हा शब्द त्यांच्या गावीही नव्हता.

त्या रविवारचा रस्ता टोळीचा आवडता होता. लाकडाच्या वखारीपासून चढ सुरू होई, तो पाइनच्या जंगलातून डोंगराच्या माथ्यापर्यंत आणि तिथून पलीकडे उतरून नदीवरच्या लोखंडी पुलापर्यंत. रस्त्यावर पाइनच्या सुईसारख्या वाळक्या पानांचा जाड थर, त्यावरून चाकं गेली की आवाजच येत नसे. वखारीपासून दुसरी एक वाट फुटे. ती नदीच्या कडेकडेने, चिखलातून पण अगदी सपाट, डोंगराला वळसा घालून त्याच पुलाशी निघे. त्या वाटेने कुणी जात नसे, कारण त्यात मर्दुमकी नव्हती.

वखारीपाशी चष्मेवाल्यांनी सगळ्यांना पुढे सोडलं. विहीणबाईंचा जांभळा रुमाल पहिल्या वळणाआड दिसेनासा झाला. मग त्यांनी चढाकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि मनाशी म्हणाले, आजच्या दिवस. सगळे पुढेच तर आहेत. आपण नदीकाठाने जाऊ, पुलाजवळ झुडपांत थांबू, शेवटचा उतरला की मागून उगवू. कुणाला काय कळतंय?

नदीकाठ मोठा छान होता. पाणी संथ, वाऱ्याला ओल्या मातीचा वास, आणि गुडघा शहाण्या मुलासारखा गप्प. चष्मेवाल्यांना शीळ घालायची लहर आली आणि तीच नडली. ते रमतगमत पुलाशी पोचले तेव्हा टोळी तिथे उभी होती, आणि झुडपात शिरण्याआधीच टोळीचा कप्तान, जो एरवी औषधांचं दुकान चालवायचा, ओरडला, “आलं शेपूट! चला रे, चला!”

पुढचे दहाजण पायडलवर पाय ठेवूनच होते, ते भुर्रकन सुटले. चष्मेवाल्यांनी जांभळा रुमाल शोधला. दिसला नाही. पुढच्यांबरोबर निघाल्या असतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आपली वाट कुणाच्या लक्षात आली नाही, या आनंदात माणूस स्वतःचं सांगणं लगेच ऐकतो.

पुढचा थांबा धरणाच्या दरवाजापाशी, चहाच्या टपरीवर. तिथे सगळे होते. विहीणबाई नव्हत्या.

कप्तानाने चहाचा कप तसाच धरून विचारलं, “त्या मागे कशा राहतील? तुम्ही त्यांच्याही मागे होता ना?”

चष्मेवाल्यांनी खिशातून फोन काढला. जंगलात फोन लागत नव्हता.

“मी बघून येतो,” एवढंच ते म्हणाले.

“बघाच. विहीणबाईंना जंगलात विसरून घरी गेलात, तर सून उद्यापासून चहा देणार नाही,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. चष्मेवाले हसले नाहीत.

पुलावरून त्यांनी सायकल जंगलाकडे वळवली. जो चढ सकाळी चुकवला होता, तो दुसऱ्या अंगाने समोर उभा होता. थोडं अंतर पायडल मारलं, मग उतरले आणि सायकल ढकलत निघाले. उजवा पाय टेकला की कळ मस्तकात जाई. उंच झाडं दोन्हीकडून निमूट उभी होती. पडल्या असतील का? भलत्या वाटेला लागल्या असतील? सुनेला काय सांगणार? की तुझी आई मागे होती आणि मी तिच्या मागे नव्हतो?

माथ्याच्या अलीकडे, एका आडव्या पडलेल्या खोडावर, जांभळा रुमाल दिसला. विहीणबाई पाय सोडून केळं खात बसल्या होत्या. सायकलची चेन लोंबत होती. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

“या व्याहीबुवा,” त्या म्हणाल्या. “बराच उशीर केलात. आणि हे काय, पुढून कसे उगवलात?”

“तुम्ही घाबरला नाहीत?”

“घाबरायचं काय? तुम्हीच सांगितलंत ना, बसून राहायचं, शेपूट येतंच. बसले.” सालं पिशवीत ठेवता ठेवता त्यांची नजर खाली गेली. सुईत दोरा ओवायला चष्मा लागत असला, तरी बाकीचं त्यांना व्यवस्थित दिसे. “जंगलात सगळं कोरडं ठणठणीत. मग तुमच्या चाकांना नदीचा चिखल कसा?”

चष्मेवाल्यांनी पिशवीतून चिंधी काढली आणि चेन बसवायला घेतली. बसवायला फारसा वेळ लागत नाही, पण त्यांनी लावला.

“झाली,” ते म्हणाले. “चला.”

“थांबा. माझ्याकडून तुम्ही ती ओळ उलटी वाचून घेतली होती, भर दुकानात. आठवतं?”

“त्याचं आत्ता काय?”

“वर येताना लंगडत होतात, पाहिलं मी. आता तुम्ही उभे राहा. उजव्या पायावर. एकट्या.”

चष्मेवाले हसायला गेले, पण त्यांना हसू जमलं नाही. त्यांनी डावा पाय उचलला आणि लगेच खोडाचा आधार घेतला.

“कधीपासून?”

“बरेच दिवस.”

“आणि घरी?”

“घरी कुणाला माहीत नाही.”

विहीणबाईंना टोमणा मारायला याहून चांगली संधी मिळाली नसती. त्यांनी मारला नाही. खोडावर जरा सरकून जागा केली, आणि ते बसल्यावर पिशवीतलं दुसरं केळं पुढे केलं.

“मी इथे निवांत बसले,” त्या म्हणाल्या, “कारण तुमच्यावर सोडलं होतं. नियमावर नाही.”

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली, चाकाचा वाळलेला चिखल नखाने खरवडला आणि मग अंगातलं पिवळं जाकीट काढलं.

“हे तुम्ही घाला.”

“मी? अहो, मी केवढी हळू!”

“म्हणूनच. मला मुद्दाम हळू जावं लागायचं. तुम्हाला मुद्दाम काही करावं लागणार नाही. आणि तुमच्या पुढे निघून जाणं मला आता जमतंय, हे आज दिसलंच.”

विहीणबाईंनी जाकीट हातात घेऊन आधी शिवण पाहिली, नाक मुरडलं, मग घातलं. ते त्यांना पोत्यासारखं झालं.

टपरीवर दोघं पोचली, ती चष्मेवाले पुढे आणि पिवळं जाकीट मागे. कप्तान बघतच राहिला. “झालं काय नेमकं?”

“माझी चेन...” विहीणबाईंनी सुरुवात केली.

“चेन नाही,” चष्मेवाले म्हणाले. “मी नदीकाठाने आलो. गुडघ्याला चढ झेपत नाही. त्या मागे राहिल्या त्या माझ्यामुळे.”

टपरीवर कुणी हसलं नाही. मग सगळे प्रेमाने वागले, ज्याची त्यांना धास्ती होती. ते सोसण्यासारखं होतं, गुडघ्याइतकं तरी दुखलं नाही.

पुढच्या फेरीला जाकीट दोन्ही बाजूंनी टाचून आलं होतं, नेटकी टीप घालून. बायकोने धरून दवाखान्यात नेल्यामुळे चष्मेवाल्यांच्या गुडघ्यावर पट्टा होता. चढाच्या रस्त्याला ते नदीकाठाने येणार, हे आता सर्वांदेखत ठरलं होतं. पुलाशी ते सगळ्यांच्या आधी पोचले आणि एकेकजण उतरताना पाहू लागले. टोळी जमली, निघायची घाई करू लागली, पण हे पुलाच्या तोंडाशी सायकल आडवी लावून उभे. त्यांची नजर जंगलावरून हलेना.

शेवटी झाडांमधून पिवळा ठिपका दिसला, एका लयीत आणि अतिशय हळू. त्याच्यापुढे धापा टाकणारा एक नवखा होता.

“व्याहीबुवा,” लांबूनच हाक आली, “सोडा की त्यांना! मी आहे ना मागे!”

चष्मेवाल्यांनी सायकल बाजूला घेतली. पण टोळी पुढे गेल्यावरही, त्या दोघांची चाकं पुलावर खडखडेपर्यंत, ते तिथून हलले नाहीत.