चादरीचं दुसरं टोक

आज गच्चीवर बायकोने ओल्या चादरीचं एक टोक माझ्यापुढे केलं, पिळायला. त्यातून ठिबकणारं पाणी उन्हात चमकत होतं आणि मी ते बघत राहिलो.

शिडाच्या बोटींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत बोटीवरच राहून चित्रण करायचं आणि बातम्या पाठवायच्या, हे माझं काम. तिथे एक नियम फार कडक असतो. वार्ताहराने दोराला हात लावायचा नाही. लावला तर बोटीला दंड. त्याने हवं तर स्वयंपाक करावा, आत शिरलेलं पाणी उपसावं, पण शीड, सुकाणू, दोर यांच्या वाटेला जाऊ नये.

मागच्या शर्यतीत वारा अचानक फिरला तेव्हा आमच्या बोटीवरच्या सुहासने दोराचं टोक असंच माझ्यापुढे केलं होतं. "धर जरा!" तो ओरडला. माझ्या हातात कॅमेरा होता. मग त्याचं त्यालाच आठवलं. त्याने ते टोक दातांत धरलं आणि दोन्ही हातांनी शीड आवरलं. ते चित्रण खूप गाजलं. त्याच्या ओठावरचं रक्तही त्यात स्पष्ट दिसतं. तेव्हा मला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर उजेड चांगला होता एवढंच मला सांगता आलं असतं.

"धर ना," बायको म्हणाली. थोडा वेळ थांबून तिने ते टोक कठड्याच्या गजाभोवती गुंडाळलं आणि एकटीच चादर पिळू लागली.

इथे तर तसा काही नियम नव्हता.