चुलीपाशी लपवलेला ताप

आमची झुंबरअक्का भडगावात मांड्यांसाठी नावाजलेली. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवायची आणि उपड्या तापल्या खापरावर अशी टाकायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मी तिचा धाकटा भाऊ रतिलाल. मला साधी भाकर थापता येत नाही, यावरून तिने मला आयुष्यभर छळलं.

यंदा तिच्या जठरात गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती. चैत्र संपता संपता जळगावच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून ती काढली, पोटावर एक टाका नाही. घरी सोडताना बजावलं, ताप आला किंवा पोट दुखलं तर त्याच दिवशी या. तो कागद मीच तिला वाचून दाखवला.

चौथ्या दिवशी सकाळी ताप चढला. नेमकी त्याच दिवशी आखाजी, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. अक्काची लेक दिपमाला सणाला देवपूरहून, सासरहून निघालेली. मी गाडी बोलावतो म्हटलं, तर अक्काने माझं मनगट धरलं.

"पोर दोन वरीसनी यी राहिनी. आखाजी व्हई जाऊ दे, मंग जाऊत. कोनले सांगू नको."

एका दिवसाने काय बिघडतंय, असं मलाही वाटलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

दिवसभर अक्का चुलीपाशी. स्वतः पेज प्यायली, लेकीला मांडे केले. अक्का वाढत असताना दिपमालाने तिचा हात हातात घेतला.

"माय, तुना हात किती तपनात!"

"खापर तपेल शे ना, पोरी," अक्का हसली. लेक मैत्रिणींकडे झोक्यावर गेली. मी ओट्यावर बसून दोन मांडे खाल्ले. फार छान झाले होते, हे सांगायचीही लाज वाटते.

उजाडताना उलट्या सुरू झाल्या, पोट लाकडासारखं कडक. जळगावला त्याच दवाखान्यात नेलं. गाठ काढलेल्या जागेतून जंतू शिरून जठराच्या भिंतीत पू भरला होता. असं फार क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. काल आणलं असतं तर औषधांना निदान वेळ मिळाला असता. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी अक्का गेली.

दहाव्याचे विधी करून गिरणा नदीवरून परतताना दिपमाला थांबली.

"मायना हात मना हातमा व्हता, मामा. माले कसं समजनं नही? तुमले तरी माहित व्हतं का?"

"नाही गं," मी म्हणालो.

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.