लवू मेस्त्रींच्या चार खिडक्या

रत्नागिरीत खिडकी मोडली की दोन मतं घेण्याची पद्धत आहे. पहिलं मत साळवी स्टॉपकडच्या एखाद्या दुकानातलं: काढून टाका, स्लायडिंग बसवू, दोन दिवसांचं काम. दुसरं मत फणसोपच्या लवू मेस्त्रींचं. ते मिळायला पंधरा दिवस लागतात, कारण मेस्त्री ‘येतो’ म्हणाले की येतात, पण कधी ते सांगत नाहीत.

आले की खिडकीला लगेच हात लावत नाहीत. समोर उकिडवे बसून नुसते बघत राहतात. चहा येतो, तो पितात, पुन्हा बघतात. मग उठून खालचा दांडा नखाने टोकरतात. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात खिडकी कुजते ती खालून. पाणी येतं वरून, पण बसतं खाली. आमच्या मागच्या खोलीची खिडकी त्यांनी अशीच अर्धा तास पाहिली आणि म्हणाले, “एवढा तुकडाच गेलाय. बाकीची तुम्हाला पुरून उरेल.” घरातल्या माणसांची वयं पाहता हे ऐकून कुणाला फारसा आनंद झाला असं नाही, पण काम त्यांनाच दिलं.

ते कुजलेला भाग तेवढा कापून काढतात आणि तिथे जुन्या फणसाच्या लाकडाचा तुकडा असा सांधतात की रंग दिल्यावर घरच्यांनाही तो शोधावा लागतो. स्क्रू पितळेचे. काच बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, बाजारातली चालत नाही. खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन ते स्वतः मळतात, पुरणपोळीची कणीक मळावी तशी. आणि माप घेण्याचा त्यांचा एक नेम आहे. खिडकीच्या चारी बाजू मोजायच्या, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरपी मापं घ्यायची. शेजारची खिडकी हुबेहूब तशीच दिसत असली तरी तिथे पुन्हा सगळं पहिल्यापासून. एका खिडकीवरून दुसरीचं माप धरणाऱ्या सुताराला ते सुतार म्हणत नाहीत. काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

अशा माणसाचं नाव होणारच. लवूची चौकट म्हणजे काटकोन, असं आमच्या भागात सगळे धरून चालतात. आमचे शेजारी श्रीपती, म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, नातवाला काटकोन शिकवायचा झाला तर वही उघडत नाहीत, त्याला मेस्त्रींनी केलेल्या खिडकीपाशी नेऊन उभा करतात. मेस्त्रींच्या कानावर हे गेलेलं होतं. ते ऐकून ते नुसते मान हलवायचे. पण मान हलवायला जरा जास्त वेळ घ्यायचे.

या मेस्त्रींच्या स्वतःच्या घराला चार खिडक्या. घर त्यांनी तीस वर्षांपूर्वी हळूहळू बांधलं, चिरे आले की भिंत आणि लाकूड मिळालं की चौकट, अशा हिशेबाने. खिडक्यांना लाकूड लागलं ते गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेलं. एक श्रीपतींच्या माडीतून वाचलेल्या सागाची, एक फणसाची, दोन कशाकशाच्या. लाकूड जेवढं लांब, तेवढी खिडकी. त्यामुळे चारांपैकी कुठल्याच दोन एकमेकींसारख्या नव्हत्या. कुठे पाऊण इंच कमी, कुठे एक इंच जास्त, आणि एक तर किंचित तिरपीसुद्धा. काटकोनवाल्या माणसाच्या घरात हे बरं दिसत नाही, म्हणून मेस्त्रींनी चौकटींवर सगळीकडून रुंद पट्ट्या मारल्या. पट्ट्या मात्र चारही खिडक्यांना एकाच मापाच्या. बाहेरून पाहणाऱ्याला चार जुळ्या बहिणी. खरं काय ते मेस्त्रींना माहीत. त्यांनी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तौक्ते वादळात माडाची झाप येऊन या खिडक्यांवर पडली आणि पाठोपाठ वाऱ्याने बाकीचं काम उरकलं. चौकटी राहिल्या, झडपा गेल्या. त्या वर्षी मेस्त्रींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. फणसोपपासून मिऱ्यापर्यंत लोक त्यांची वाट बघत होते. स्वतःच्या खिडक्यांना त्यांनी निळं प्लास्टिक ठोकलं आणि म्हणाले, चार दिवसांत बघू. त्या चार दिवसांत दोन पावसाळे गेले. येसूबाई, म्हणजे त्यांची बायको, काही बोलायच्या नाहीत असं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगायच्या, “गावाचा वारा अडवतायत नि आमच्या घरात कपडे बाहेर वाळत घालावे लागत नायत.”

मुलगा एकच, नितेश. आयटीआय करून तो ॲल्युमिनियमच्या कामात शिरला होता. बापाला हे आवडलं नव्हतं. लाकडाचं काम शिकलेल्या पोराने डब्याच्या पत्र्याचं काम करावं का, असं ते म्हणायचे. पण लाकडाचं शिकलेलं नितेशच्या हातात होतं आणि कामाला तो चोख होता. दुकानात नोकरी करताना माप चुकल्याची तक्रार त्याच्यावर कधी आली नाही. चारी बाजू, दोन तिरपी. पुढे हर्षद नावाच्या मित्राबरोबर त्याने स्वतःचं दुकान काढलं आणि ठरवलं की पहिलं काम आपल्या घरचं. आईच्या घरातलं प्लास्टिक जावं.

एका सकाळी तो टेप घेऊन आला. मेस्त्री पडवीत करवतीला धार लावत बसले होते. नितेशने पुढच्या खोलीतल्या खिडकीची आतून मापं घेतली, चारी बाजू आणि दोन तिरपी, वहीत लिहिली. मग बाकीच्या तीन खिडक्यांकडे त्याने एकदा नजर टाकली, वहीत ‘नग चार’ असं लिहिलं आणि वही मिटली.

मेस्त्रींनी हे पाहिलं. करवत थांबली. नितेशनेही त्यांच्याकडे पाहिलं. मेस्त्री एवढंच म्हणाले की नाश्ता करून जा.

पुढचे नऊ दिवस ते गप्प राहिले. आमच्या खिडकीचा दांडा बसवताना त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा दिवसांचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, नको, एकदा तोंडावर पडू दे, जन्मभर लक्षात राहील. लाकडाच्या धंद्यात असंच शिकवतात. त्यांना त्यांच्या बापाने असंच शिकवलं होतं, आणि ते शिकले होते. बापाशी शेवटची दहा वर्षं फारसं बोलणं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बोलून दाखवायचं वाक्यही त्यांनी त्या नऊ दिवसांत तयार करून ठेवलं होतं.

दहाव्या दिवशी टेम्पो आला. हर्षद आला, दोन कामगार आले. येसूबाईंनी नारळ वाढवला. पहिली खिडकी चौकटीत अशी बसली की नितेशने ती दोन बोटांनी सरकवून आईला दाखवली. दुसरी आत शिरेना. तिसरी शिरली, पण बाजूने बोट जाईल एवढी फट. चौथी टेम्पोतून काढायचं कुणी नाव घेईना.

“काय रे,” हर्षद हसून म्हणाला, “घर तुझंच ना?”

कामगार हसले. हर्षदच्या मनात वाईट नसावं. पण रत्नागिरीत बातमीला एसटी लागत नाही. स्वतःच्या घरचं माप चुकलेला स्लायडिंगवाला, हे दुपारच्या जेवणाआधी मारुती मंदिरापर्यंत पोचलं.

तेव्हा मेस्त्री पडवीतून उठून आले आणि तयार ठेवलेलं वाक्य बोलले. “चारी बाजू मोजायच्या असतात. प्रत्येक खिडकीच्या.”

नितेशने त्यांच्याकडे पाहिलं. मग टेप काढून त्याने उरलेल्या तिन्ही खिडक्या मोजल्या. घाई न करता, चारी बाजू, दोन तिरपी, आणि आकडे पेन्सिलने चौकटींवरच लिहिले. त्या मापांचा आता कुणाला उपयोग नव्हता. लिहून झाल्यावर तो मोटरसायकल काढून गेला. दोन महिन्यांत दुकान हर्षदवर सोपवून पनवेलला गेला. तिथे उंच इमारतींना काचा बसवण्याचं काम त्याला मिळालं. आईला रोज फोन. बापाने फोन घेतला की ‘बरं आहे, ठेवतो’.

लोक मेस्त्रींना विचारायचे. पोरगं माप चुकलं, राग आला, गेलं, असं ते सांगायचे. सांगताना सुरुवातीला त्यांना त्यात खोटं काही वाटत नव्हतं.

बसलेली एक खिडकी सोडून बाकीच्या तिन्ही वर्षभर पडवीत भिंतीला टेकून होत्या. शेवटी येसूबाई म्हणाल्या, लावा नायतर भंगारात घाला, मला त्यांच्याकडे बघवत नाय. ॲल्युमिनियमला हात लावणार नाही असं उभा जन्म म्हणणाऱ्या मेस्त्रींनी मग ते काम घेतलं. खिडकी कापून लहान करणं त्यांच्याच्याने होईना. पोराने केलेल्या मापाला हात लावायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. त्याऐवजी आपल्या चौकटी बदलल्या. जिथे कमी पडत होतं तिथे चौकट आतून रंध्याने केसाकेसाने उतरवली. जिथे फट होती तिथे फणसाच्या पातळ पट्ट्या घातल्या. तिरपी चौकट सरळ करायला भिंतीचा चिरा फोडावा लागला. पट्ट्या उपटल्या तेव्हा चारही खिडक्यांचं खरं रूप येसूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी दोन दिवस ताट वाढलं ते पुढ्यात न बसता.

“एक पावसाळा गेला,” मेस्त्री मला म्हणाले. “एवढं बारीक काम मी गिऱ्हाइकाचं केलं नाय.”

चारही खिडक्या दोन बोटांनी सरकायला लागल्या, त्या दिवशी त्यांनी येसूबाईंकडून फोन मागून घेतला. नितेशने ‘बरं आहे’ म्हणायच्या आत ते बोलून मोकळे झाले. की तू एकच खिडकी मोजलीस ते मी बघत होतो. की मला माहीत होतं. की नऊ दिवस माहीत होतं.

पलीकडून नितेश म्हणाला, “बाबा, तुम्ही बघत होतात ते मला तेव्हाच कळलं होतं. मी वही मिटली तेव्हा तुम्ही धार लावायची थांबला होतात.”

“मग बोलला का नायस?”

“मला वाटलं, चुकलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत.”

खिडक्या आता बसल्यात, हे मेस्त्रींनी सांगितलं. नितेश बरं म्हणाला आणि आईला द्या म्हणाला.

आमच्या खिडकीपाशी बसून हे सांगताना मेस्त्रींचे हात लांबी मळत होते, आणि ती केव्हाच मळून झाली होती. मी काहीतरी समजुतीचं बोललो. धडा शिकवायला गेलात, बापाचं चुकतं कधी, वगैरे. अशा वेळी माणूस छापील बोलतो.

“धडा म्हणून गप्प बसलो, हे अर्धं हो,” ते म्हणाले. “सांगितलं असतं तर म्हणावं लागलं असतं, बाबा रे, तुझ्या बापाच्या खिडक्या सारख्या नायत. ते तोंडातून निघेना.” मग म्हणाले, “त्याने दुसऱ्या कुणाच्या घरात एका मापावर काम केलंन नाय कधी. माझ्याच घरात केलंन. माझं काम म्हणून.”

यंदा शिमग्याला तो आला होता का, असं मी विचारलं. पालखीला पनवेल-मुंबईचा माणूस येतोच.

“आला की. तीन दिवस होता. आईला साडी आणलीन, मला चप्पल. पालखी नाचवलीन, सगळं केलंन.” मेस्त्रींनी काचेच्या कडेला लांबीचा पहिला पट्टा लावला आणि अंगठ्याने दाबत दाबत नेला. “दुपारचा जेवून पुढच्या खोलीत, त्यानेच बसवलेल्या खिडकीखाली पडला होता. उकडत होतं. मी पडवीत होतो. तिथून मला हाक मारून विचारतो, ‘बाबा, खिडकी उघडली तर चालेल ना?’”

“मग?”

“मग काय. उघड म्हटलं.”