निळ्या दगडाची आंघोळ

महिपतराव ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचे दगड ठेवलेल्या खोलीचे शिपाई. पणजोबांनी तलवार चालवली, ह्यांच्या वाट्याला हातोडी आली. म्हणून काय झालं! दर खंडेनवमीला ते खोलीतल्या हातोड्या, छिन्न्या अन् दगडांचे नमुने पितळी परातीत न्हाऊ घालत, हळदकुंकू लावत. पोरं हसायची. हसेनात का मेली!

एकच दगड कधी परातीत उतरला नाही. कॅव्हान्साइट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत, काळ्या कातळाच्या पोकळीत, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले निळेशार गेंद. जगात सापडतो तोच मुळी मोजक्या ठिकाणी. जुन्या सरांनी आणला तेव्हाच बजावलं होतं, "महिपतराव, ह्याला ब्रश लावायचा नाही. झडून जाईल." तीस वर्षं महिपतरावांनी हवा मारायच्या रबरी फुग्याने त्यावरची धूळ नुसती उडवली.

यंदा खोली बंद करायचं घाटत होतं. तिथं शिकवणाऱ्या गरिमा मॅडम म्हणाल्या, "काका, दसऱ्यानंतर कमेटी येतेय. हा नीला पत्थर दाखवला तर खोली बचेल, तुमची नौकरी पण. बाकी आपल्याकडे आहे काय?"

झालं! महिपतरावांच्या डोक्यात किडा शिरला. सगळ्या दगडांना पूजा, अन् ज्याच्यावर सगळी भिस्त तोच तीस वर्षं पारोसा? म्हणूनच तर खोलीवर ही अवकळा आली नसेल?

खंडेनवमीला त्यांनी देव घासायचा मऊ ब्रश घरून आणला. तान्ह्या बाळाला घालावं तसं हळू पाणी घातलं, ब्रश दोनदा फिरवला. निळं सगळं परातीत उतरलं. हातात पांढरा दगड राहिला. अरे भल्या माणसा, तुला माहीत नव्हतं होय? माहीत होतं, तेच तर! त्यांनी दगड कपाटात ठेवला. मॅडमना सांगायची छाती झाली नाही.

कमेटी आली. मॅडमनी मोठ्या हौसेने कपाट उघडलं अन् त्यांचा चेहरा पडला.

"इसमें खास क्या है?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मग महिपतराव पुढे झाले अन् पोरांना इतकी वर्षं सांगितलेलं घडाघडा म्हणू लागले, "कॅव्हान्साइट. सिलिकेट. व्हॅनेडियममुळे रंग निळा. काठिण्य तीन ते चार. ठिसूळ. ब्रश लावू नये." मग त्यांनी हात जोडले. "मैंने लगाया, साहब."

त्या संध्याकाळी कॉलेजाने खोलीला कायमचं कुलूप महिपतरावांच्याच हातून लावून घेतलं.