केळीचा डाग

बायको गेल्यापासून पिंप्राळ्यातल्या घराची फरशी पुसायचं काम माझ्याकडे आलं. एक दिवस फरशीवर तपकिरी डाग दिसले, तेव्हा मी सरळ केळीला दोष दिला. आदल्याच दिवशी रावेरला भावाच्या मळ्यात जाऊन दोन फण्या आणल्या होत्या. केळीचा चीक वाळला की असाच डाग पडतो, कपड्यावरून तर जन्मात जात नाही. दोन दिवस मी लिंबू चोळचोळून फरशी घासली. फण्या गच्चीवर नेऊन ठेवल्या, तरी डाग पडतच राहिले.

तिसऱ्या दिवशी पाय वर करून पाहिला. अंगठ्याखाली जखम. मळ्यात अनवाणी हिंडताना काहीतरी रुतलं असणार, पण साखरेच्या आजारानं तळवे बधिर झालेले, कळणार कसं? ती असती तर पहिल्याच डागाला खेकसली असती, "आधी पाय दाखवा!"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पाय टेकवू नका, पट्टी चार दिवसांनी बदलू. चिघळलं तर अंगठा काढावा लागेल." पट्टी बांधणाऱ्या सिस्टर साक्रीकडच्या, बोलणं अहिराणी. बांधता बांधता त्यांनी विचारलं, "नाना, जेवण व्हयनं का?"

बायको गेल्यापासून आठ महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. पट्टी भिजली म्हणालो. तिसऱ्या दिवशी सैल झाली म्हणालो. खरं सांगायचं तर निघण्याआधी मीच गाठ सोडून परत कशीतरी बांधायचो. सिस्टर रोज नवी पट्टी बांधायच्या, रोज जेवणाचं विचारायच्या. आणि रोज जुन्या पट्टीला चिकटून कोवळी कातडी निघून यायची.

दीड महिना झाला तरी जखम होती तशीच. डॉक्टर चक्रावले. मी साखरेवर ढकललं. ते आत गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "नाना, हाई गाठ मनी नही शे." स्वतःची गाठ त्या ओळखत होत्या. माझे कान तापले. "अंगठा जाई तुमना," त्या म्हणाल्या. का करतो, ते मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही सांगवलं नाही. या वयात कुठल्या तोंडानं सांगणार?

मग मी घरी बसलो. बायकोच्या खुर्चीवर उशी, उशीवर पाय. चार दिवसांनी एकदा दवाखाना, मधले दिवस टीव्ही आणि भिंती. ते दिवस मला फार जड गेले. जखम मात्र भराभर भरायला लागली.

शेवटची पट्टी सोडल्यावर सिस्टर हरखल्याच. डॉक्टरांना हाक मारली, मला म्हणाल्या, "भरनी नाना! आते येवानी गरज नही." अंगठा वाचला होता. मीही हसलो, आणि चप्पल घालायला उगाच वेळ लावला.

घरी येऊन कुलूप उघडताना लक्षात आलं, आनंदाच्या भरात आज त्या जेवणाचं विचारायला विसरल्या. मी जेवलो नव्हतो.